जुन्या फोर बाय फोरचे बॉल जॉइंट: बदलायचे कधी, बदलून घ्यायचे कसे

एका गॅरेजमध्ये ‘बॉल जॉइंट गेले, दोन्ही बाजूंचे बदला’ असं सांगतात. दुसऱ्या गॅरेजमध्ये तेच चाक हलवून ‘अजून एक सीझन सहज काढेल’ म्हणतात. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात तर एकाच गाडीसाठी तीन किमतींची तीन पाकिटं काउंटरवर येतात. जुनी फोर बाय फोर बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी किंवा पिकअप वापरणारे वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते हेच: यात ऐकायचं कुणाचं? निर्णय कुणाच्या सांगण्यावर सोडायची गरजच नाही, असं आमचं म्हणणं आहे. दोन गोष्टी तुम्हाला स्वतः बघता येतात. जॉइंटवरचा रबरी बूट शाबूत आहे का, आणि गाडी योग्य ठिकाणी जॅक लावून उचलल्यावर जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवतो का. त्यातही रत्नागिरी जिल्ह्यात पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण इथं जॉइंटचं आयुष्य किलोमीटरवर ठरत नाही, त्या बुटावर ठरतं. बूट फाटून एक पावसाळा गेला असेल तर जॉइंट बदलायचा, मग तो वाजत असो वा नसो. हे मत कडक वाटेल, म्हणून त्यामागची कारणं आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप दोन्ही इथं मांडले आहेत.

आधी खाली वाकून बघा: तुमच्या गाडीला बॉल जॉइंट आहेत का?

पुढच्या चाकाला खड्ड्यात वर-खाली व्हावं लागतं आणि वळणावर डावी-उजवीकडे फिरावं लागतं. वाटीत बसवलेला पोलादी गोळा या दोन्ही हालचाली एकदम करू देतो. तोच बॉल जॉइंट. निर्णयासाठी एवढी माहिती पुरे. पण सगळ्या फोर बाय फोरना तो नसतो. महिंद्राने ज्या विलीज जीप भारतात जोडायला घेतल्या, त्यांच्या घराण्यातल्या पाट्यांच्या गाड्या, म्हणजे जुनी जीप, एमएम ५४० आणि मेजर, तसंच १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, यांना पुढे सलग अॅक्सल असतो. चाक ज्यावर बसतं ती नकल तिथं किंगपिनच्या बेअरिंगवर फिरते. प्ले आला तर बेअरिंग बदलून शिम घालून तो काढतात. अशा गाडीचे ‘बॉल जॉइंट’ बदलायला कुणी सांगितलं तर तो बहुधा टाय रॉड एंडबद्दल बोलतो आहे. तोही गोळ्याचाच सांधा, पण तो स्टिअरिंगचा. गाडीचं वजन त्याच्यावर नसतं आणि त्याची किंमतही वेगळी असते.

१९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो आणि २००२ ची स्कॉर्पिओ यांच्यात पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. त्याला वरचा एक आणि खालचा एक असे दोन आर्म, आणि प्रत्येक आर्मच्या टोकाला एक बॉल जॉइंट, म्हणजे गाडीला एकूण चार. मात्र नुसत्या नावावर जाऊ नका. बोलेरो पिकअपमध्ये पुढे पाटे असलेली मॉडेलंही आहेत. पुढच्या चाकामागे वाकून पाहिलं की दोन आर्म आहेत की पाट्यांचा जुडगा आहे, हे लगेच कळतं. आर्म असतील तर आणखी एक गोष्ट त्याच वेळी बघून ठेवा: स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचं टोक कोणत्या आर्मला जोडलं आहे. ते ज्या आर्मला जोडलेलं, त्या आर्मच्या जॉइंटवर गाडीचं वजन येतं. तो जॉइंट आधी झिजतो, आणि तुटला तर चाक त्याच्यामुळेच आडवं होतं.

कोकणात जॉइंट पाण्याने जातो

जॉइंटच्या आत गुळगुळीत गोळा, त्याभोवती अस्तर आणि ग्रीस असतं. वरून रबरी बूट. बूट आहे तोवर आतली दुनिया कोरडी राहते. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फाटलेल्या बुटातून तो आत शिरला की ग्रीस धुऊन जातं आणि त्याच्या जागी जांभ्याची तांबडी माती बसते. पाऊस संपेपर्यंत गोळ्यावर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. मग हा खडबडीत गोळा प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात आतलं अस्तर कानशीसारखा घासत राहतो. प्ले दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी. म्हणजे बूट फाटणं ही सुरुवात, प्ले हा शेवट, आणि मधल्या काळात गाडी अगदी ठीक चालते. नेमक्या त्याच काळात ‘अजून एक सीझन काढेल’ हे वाक्य खरं वाटतं.

गोळ्याच्या पृष्ठभागाला इतकं महत्त्व का द्यायचं, अशी शंका येऊ शकते. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या टॅकोमा, टुंड्रा, फोर-रनर अशा सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या खालच्या बॉल जॉइंटच्या गोळ्यावर कारखान्यातच ओरखडा पडला असण्याची शक्यता होती. त्यातून झीज वाढत जाऊन जॉइंट सुटण्याचा धोका होता. या गाड्या नव्या, त्यांच्यामागे जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी, आणि कारण एक ओरखडा. मग चार महिने गढूळ पाण्यात फिरलेल्या गंजक्या गोळ्याचा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा?

पावसाखेरीज इथं आणखी काही कारणं बूट लवकर मारतात. चिरेखाणीवरून चिरे भरून सड्यावर चढणाऱ्या गाडीला ओझं आणि धुरळा दोन्ही एकदम सोसावं लागतं. हापूसच्या हंगामात बागेतल्या दगडी वाटांवर पेट्या भरलेली गाडी एका चाकावर तोलत उतरते, तेव्हा जॉइंट त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत ताणला जातो. मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाडीच्या हौद्यातून खारं पाणी थेट पुढच्या-मागच्या सांध्यांवर ठिबकतं. दोन कारणं मात्र आपण स्वतः निर्माण करतो, आणि ती आजपासून थांबवता येतात. एक, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप बुटाच्या कडेवर जवळून धरणं. चांगल्या बुटाच्या ओठाखालूनही पाणी आत ढकललं जातं. दुसरं, पावसाळ्याआधी गाडीच्या खालून जळकं ऑइल किंवा डिझेल फवारणं. लोखंडाला गंज लागू नये म्हणून हे करतात, पण तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. फवारायचंच असेल तर बूट आणि बुश प्लास्टिकने झाकून घ्यायला सांगा.

घाटावरच्या गाड्या तेच जॉइंट लाख-लाख किलोमीटर वापरतात, मग आपल्याला इतकी घाई कशाला, हा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच किलोमीटरचा हिशेब इथं लावू नका असं आम्ही म्हणतो. बूट शाबूत असेल तर तुमचाही जॉइंट तेवढा टिकू शकतो. उगाच बदलू नका. पण कोल्हापूरच्या पलीकडे फाटलेल्या बुटाला जो कोरडा काळ मिळतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे तपासणी कॅलेंडरला बांधा: एक मेमध्ये, आंब्याची धावपळ ओसरल्यावर आणि पाऊस लागण्याआधी, दुसरी ऑक्टोबरमध्ये.

मग नुसता बूटच बदलला तर? हा प्रश्न रास्त आहे. बूट नुकताच फाटला असेल, आतलं ग्रीस अजून स्वच्छ आणि चिकट असेल आणि प्ले शून्य असेल, तर ग्रीस भरून नवा बूट बसवणं योग्य आहे, पैसेही वाचतात. ग्रीस चिमटीत घेऊन बोटांमध्ये चोळा. तांबूस, पातळ किंवा खरखरीत लागलं तर नवा बूट म्हणजे आत अडकलेल्या मातीवर घातलेलं झाकण. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि बूट कधी फाटला हेच माहीत नसेल, तर तो फाटून पाऊस गेला असंच धरून चाला.

आवाजावर का विसंबू नये

गाडी खाली उभी असते तेव्हा तिचंच वजन गोळ्याला अस्तरावर घट्ट दाबून धरतं. झिजलेला जॉइंटही त्या दाबाखाली गप्प राहू शकतो. उलट खड्ड्यात येणारी खडखड पुष्कळदा आर्मच्या बुशांची, स्टॅबिलायझरच्या लिंकची किंवा शॉकअपच्या रबराची असते. म्हणून ‘वाजतोय, बदला’ आणि ‘वाजत नाही, राहू द्या’ ही दोन्ही वाक्यं अपुरी आहेत. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला एकतर्फी झिजणं, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे ओढणं, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मागे न येणं, जागेवर स्टिअरिंग फिरवताना करकर येणं, या खुणा दिसल्या तर तपासणी पुढे ढकलू नका. पण निर्णय तपासणीवरच घ्या.

स्वतः तपासणी: गाडी कशी उचलायची हेच सगळ्यात महत्त्वाचं

दोन गॅरेजची मतं वेगळी पडतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. एकाने चुकीच्या ठिकाणी जॅक लावलेला असतो, जॉइंटवरचं वजन तसंच राहतं आणि प्ले लपतो. म्हणून तुम्ही समोर उभे राहून तपासणी करून घेत असाल तरी ही पद्धत पाठ असू द्या.

1. सपाट, पक्क्या जागी गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर किंवा मोठे दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं कधीही घालू नका. लोखंडी घोडी लावल्याशिवाय पुढची पायरी नाही.
2. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मला असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ लावा. तेव्हाच खालच्या जॉइंटवरचं वजन उतरतं. स्प्रिंग वरच्या आर्मला असेल तर जॅक चासीखाली लावायचा, आणि वरचा आर्म व चासी यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा.
3. टायर जमिनीपासून दोन-तीन इंच उचलला की त्याखाली पहार घालून वर उचला. दुसऱ्या माणसाने जॉइंटवर बोट आणि नजर ठेवायची. गोळा वाटीत वर-खाली सरकला तर तो बोटालाच कळतो.
4. टायर वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हलत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा. तसंच राहिलं तर बॉल जॉइंटचा किंवा आर्मच्या बुशांचा. ही एवढी चाचणी न केल्याने बेअरिंग खराब असलेल्या गाडीचे चांगले जॉइंट बदलले जातात.
5. टायर डाव्या-उजव्या कडेला, नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथला प्ले बहुतेक वेळा टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंगचा असतो.
6. शेवटी बॅटरी घेऊन चारही बूट सगळ्या बाजूंनी बघा, वळवलेल्या चाकाच्या आतूनही. चीर बहुधा मागच्या बाजूला असते.

किती प्ले म्हणजे जास्त, याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तो मॉडेलप्रमाणे बदलतो. काही गाड्यांच्या वजन पेलणाऱ्या जॉइंटला अगदी थोडी हालचाल चालते. पण दुसऱ्या, म्हणजे नुसती दिशा सांभाळणाऱ्या जॉइंटला हाताला जाणवेल असा प्ले असताच कामा नये. मॅन्युअल हाताशी नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो आकडा विचारा, आणि गॅरेजमध्ये डायल गेज लावून मोजून घ्या. ‘थोडासा आहे’ हे मोजमाप नाही.

कोणता पार्ट घ्यायचा?

पर्याय साधारण चार असतात: गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला, कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या नावाचा, नाव नसलेला स्वस्त, आणि जुनाच ‘रिपेअर’ करून दिलेला. यातला दुसरा पर्याय अनेक वाचकांना माहीत नसतो, आणि जुन्या गाडीसाठी तोच सहसा सगळ्यात शहाणपणाचा. चेन्नईच्या राणे (मद्रास) सारख्या कंपन्या वाहन उत्पादकांना स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे सांधे पुरवतात आणि बाजारातही विकतात. पाकिटावर उत्पादकाचं नाव व पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा. यातलं काहीच नसेल तर किंमत कितीही कमी असो, तो पार्ट पुढच्या चाकात घालू नका. दुकानात जाताना गाडीचा चासी नंबर न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे आणि टू-व्हील ड्राइव्ह, फोर-व्हील ड्राइव्हप्रमाणे जॉइंट बदललेले असतात.

रिपेअर केलेल्या जॉइंटला आमचा स्पष्ट विरोध आहे. वाटी उघडून आत प्लास्टिक भरलं की प्ले जातो आणि हाताला जॉइंट नव्यासारखा घट्ट लागतो. पण गोळ्यावरचे गंजाचे खड्डे तिथंच राहतात आणि बंद केलेल्या झाकणाची ताकद कुणी तपासलेली नसते. गरीब माणसाने काय करायचं, नवा परवडत नाही, असं यावर म्हटलं जातं. ही अडचण खरी आहे. पण मग काटकसर दुसरीकडे करा: चार जॉइंट एकदम बदलायलाच हवेत असं नाही. वजन पेलणाऱ्या दोन जॉइंटची जोडी आधी घ्या, बाकीचे दोन चांगले असतील तर राहू द्या. जोडीने बदलायला सांगतो कारण दोघांनी तोच रस्ता आणि तोच पाऊस खाल्लेला असतो, आणि अलाइनमेंटचा खर्च एकदाच होतो. दुसऱ्या बाजूचा बूट शाबूत आणि प्ले शून्य असेल, तर एकच बदलण्यातही गैर काही नाही.

काही आर्ममध्ये जॉइंट बोल्टने बसतो, काहींत प्रेसने दाबून बसवतात, तर काही ठिकाणी आर्मसकटच मिळतो. प्रेसच्या प्रकारात एक मोठी गफलत होते. जॉइंट दोन-तीनदा बदलून आर्मचं भोक ढिलं झालेलं असतं, मग नवा जॉइंट निसटू नये म्हणून त्याला वेल्डिंगचे टाके मारतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं अस्तर वितळतं, ग्रीस जळतं आणि आर्मचं लोखंडही ठिसूळ होतं. भोक ढिलं असेल तर आर्म बदला, दुसरा मार्ग नाही. आर्मची बुशं दहा-पंधरा वर्षांची असतील तर सगळा आर्म घेणं एकूण हिशेबात स्वस्तही पडू शकतं, कारण मजुरी एकदाच लागते.

काम चालू असताना काय बघायचं

फोर बाय फोरमध्ये हे काम टू-व्हील ड्राइव्ह गाडीपेक्षा लांबतं, कारण नकलच्या मधून ड्राइव्ह शाफ्ट जातो. नकल सुटली की शाफ्ट लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. नाहीतर सीव्ही जॉइंट ओढला जाऊन आतला सांधा सुटतो किंवा त्याचा बूट फाटतो. ब्रेकचं कॅलिपरही पाइपवर लोंबू द्यायचं नाही. उलट हीच संधी समजून सीव्ही बूट, हब आणि डिफरन्शियलचं सील बघून घ्या; नंतर त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी जाईल. टॉर्शन बार ढिला करायचा असेल तर आधी त्याच्या बोल्टची जागा खुणेने नोंदवून ठेवायला सांगा, नाहीतर गाडीची उंची दोन बाजूंना वेगळी होते.

मिस्त्री चांगला असला की तुम्ही शेजारी उभं राहिल्याचा त्याला राग येत नाही. या चार ठिकाणी तर लक्ष असूच द्या:

- जॉइंट नकलमधून सोडवताना नट पूर्ण काढायचा नाही, दोन-चार आटे ठेवायचे आणि आर्मखाली जॅक ठेवायचा. स्प्रिंगमध्ये माणसाला इजा होईल इतका जोर साठलेला असतो.
- नवा जॉइंट बसवताना निमुळता दांडा आणि नकलचं भोक स्वच्छ आणि कोरडं हवं. तिथं ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही.
- खाचांचा नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळायचा, मागे सोडायचा नाही. पिन नवी. जुनी पिन सरळ करून किंवा पिनेऐवजी तार घालून काम भागवू देऊ नका.
- आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जॉइंटला ग्रीस निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरा. बंदुकीच्या जोराने नवाकोरा बूट फाटू शकतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. ‘जुनी खूण होती तशीच बसवली’ हे कारण पुरेसं नाही, कारण नव्या जॉइंटने चाकाचा कल बदलतो. अलाइनमेंटचा कागद आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांसह मागून घ्या. पाचशे किलोमीटरनंतर नट आणि पिन एकदा पुन्हा बघा.

‘गाडीच जुनी, कशाला एवढा खर्च?’

हा आक्षेप सगळ्यात जोरदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. पंधरा वर्षांच्या गाडीची बाजारातली किंमत बघितली तर जॉइंट, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून खर्च डोळ्यांत भरतो. पण ही तुलनाच चुकीची आहे. गाडीचा रंग, सीट, डेंट यांचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघा. बॉल जॉइंटचा खर्च मात्र ती गाडी कुठं जाते आणि तिच्यात कोण बसतं, याच्याशी ताडायचा. आंबा घाट, कुंभार्ली किंवा अणुस्कुऱ्याच्या उतारावर वजन पेलणारा जॉइंट सुटला तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं, ब्रेकचा पाइप ओढला जाऊन तुटू शकतो आणि ड्राइव्ह शाफ्ट बाहेर येऊ शकतो. म्हणजे स्टिअरिंग जातं त्याच क्षणी ब्रेकही जाऊ शकतो. हौद्यात बसलेल्या बागेच्या कामगारांना त्या वेळी गाडीचं वय विचारात घेऊन काही सवलत मिळत नाही. गाडी खरंच एवढी जुनी असेल की जॉइंटचा खर्चही तिच्यावर करवत नाही, तर ती रस्त्यावरून काढण्याची वेळ आली आहे, आणि तो निर्णयही प्रामाणिक आहे. खर्च टाळून ती चालवत राहणं मात्र दोन्हींच्या मध्ये कुठंच बसत नाही. पैशांच्याच भाषेत बोलायचं तर एकतर्फी झिजून फेकावे लागणारे दोन टायर बहुतेक वेळा जॉइंटच्या जोडीपेक्षा महाग असतात.

फिटनेस, विमा आणि तुमचे हक्क

मालवाहू किंवा भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करताना तपासणी होते आणि ती पाच वर्षांसाठी वाढते. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पुढचं वर्षभर जॉइंट चांगले, असा त्याचा अर्थ नाही. साध्या लक्षाने कळला असता असा दोष असलेली, इतरांना धोका ठरणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दीड हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या दोषामुळे अपघातात कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विम्याच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, त्यामुळे झिजलेल्या जॉइंटचा खर्च कंपनी देणार नाही. उत्पादकाने गाड्या परत बोलावण्याची कायदेशीर सक्तीही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे; जुन्या गाडीच्या मालकाने त्या वाटेकडे डोळे लावून बसू नये.

पार्ट किंवा काम सदोष निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे, पण त्यासाठी हातात कागद हवा. वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा बिल मागायला भीड बाळगण्याचं कारण नाही. बिलावर पार्टचं नाव, उत्पादक, नंबर आणि गाडीचे किलोमीटर लिहून घ्या, पाकीट जपा आणि काढलेला जुना जॉइंट परत मागा. ‘माझी गाडी धंद्याची, मग मी ग्राहक कसा?’ असं समजून अनेक जण गप्प बसतात. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवलेल्या गाडीचा मालक या कायद्यात ग्राहकच आहे. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरीही काम झालं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही राहता तिथं तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

पार्ट यायला वेळ लागत असेल तर

जुन्या मॉडेलचा जॉइंट कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवावा लागतो आणि चार-आठ दिवस जातात. तोवर काय करायचं ते प्लेवर ठरवा. फक्त बूट फाटला आहे आणि प्ले नाही, तर गाडी रिकामी, कमी वेगाने, जवळच्या जवळ फिरवा. पाण्यातून नेऊ नका. वजन पेलणाऱ्या जॉइंटमध्ये पहारीने उचलल्यावर स्पष्ट प्ले दिसत असेल, तर गाडी जिथं आहे तिथंच उभी करा. गॅरेज हातखंब्यापर्यंतच असलं तरी ती चालवत नेऊ नका आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नका. सगळी गाडी टेम्पोवर चढवून नेणारी क्रेन बोलवा, किंवा मिस्त्रीलाच घोडी आणि अवजारं घेऊन घरी या म्हणून सांगा.